आफ्रिकेची रानखजुरी : ओळख, लागवड आणि निगा

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय जरा लांबचा आहे. आंबा नाही, नारळ नाही, थेट आफ्रिकेतली रानखजुरी. संयोजकांनी विषय कळवायला सांगितलं, तेव्हा मी हे नाव दिलं. पलीकडून विचारणा झाली, "आपल्याकडे हे झाड आहे का?" म्हटलं, हे झाड नाही, पण याची सख्खी बहीण आहे. आपली शिंदी. शिंदी ओळखणाऱ्या माणसाला हे झाड समजायला वेळ लागत नाही.

मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. नोकरीनिमित्त दक्षिण आफ्रिकेत, डर्बनच्या उत्तरेला किनाऱ्यालगत अकरा वर्षं काढली. घराच्या आवारात एका कोपऱ्यात या रानखजुरीचं मोठं बेट होतं. त्या बेटाची मी पहिल्याच वर्षी वाट लावली, आणि माझ्या अडाणीपणाची किंमत दुसऱ्याच एका माणसाने मोजली. तो प्रसंग पुढे सांगणार आहे. पुढची दहा वर्षं ते बेट सावरण्यात आणि त्या झाडाचा अभ्यास करण्यात गेली. आज बोलतोय ते त्या शिदोरीवर.

ही कोण?

शास्त्रीय नाव फिनिक्स रेक्लिनाटा. 'फिनिक्स' ही खजुराची प्रजाती. तिच्यात साधारण चौदा जाती येतात. बाजारातला खजूर त्यातलाच, आपली शिंदी त्यातलीच. 'रेक्लिनाटा' म्हणजे कललेली. हे नाव जॅकिन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०१ साली दिलं. झाड पाहिलं की नाव पटतं. एकाच बुडख्यातून आठ-दहा, कधी वीस-पंचवीस खोडं निघतात, आणि प्रत्येक खोड थोडं बाहेरच्या बाजूला कलतं. लांबून पाहिलं तर भल्यामोठ्या फुलदाणीत झाडं खोचून ठेवल्यासारखी दिसतात. उंची दहा मीटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त.

ही सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आणि तिथून खाली दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केपपर्यंत आढळते. मादागास्कर, कोमोरो बेटं, आणि समुद्रापलीकडे अरबस्तानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातही आहे. झुलू लोक हिला 'इसुंदू' म्हणतात, स्वाहिलीत 'मकिंदू'. नदीकाठ, ओढ्याची कडा, दलदलीची किनार, समुद्रालगतची झाडी ही तिची घरं. गवताळ माळावर मध्येच इसुंदूचं बेट दिसलं, की खाली ओल असणार असं धरून चालावं.

आता ओळखायची कशी? एक सोपी खूण सांगतो. नारळाची झावळी हातात घ्या. तिची प्रत्येक पाती मध्यशिरेवर उलटी दुमडलेली असते, कौलारू छपरासारखी. पाऊस पडला तर पाणी दोन्हीकडे ओघळेल. खजुराच्या प्रजातीत हे बरोबर उलटं असतं. पाती वर उघडी, पन्हळीसारखी. पिसासारखं पान आणि पन्हळीसारखी पाती दिसली, तर झाड बहुधा खजूरकुळातलं. घरी जाताना रस्त्याकडेची शिंदी बघा, ही खूण तिथेही सापडेल.

दुसरी खूण म्हणजे काटे. झावळीच्या बुडाशी ज्या पात्या असायला हव्यात, त्यांचेच काटे झालेले असतात. बोटाएवढे लांब, ताठ, दाभणासारखे. या काट्यांकडे आपण परत येणार आहोत.

शिंदीत आणि हिच्यात मुख्य फरक एकच. शिंदी एकखोडी. इसुंदू बेट करते, बांबू किंवा केळीसारखं. तिच्या निगेतल्या निम्म्या गोष्टी या एका फरकातून निघतात.

खोडाचं गणित

लागवडीकडे वळण्याआधी दोन मिनिटं खोडाबद्दल बोलू. हे समजलं नाही तर पुढचं सगळं नुसतं पाठांतर होईल.

आंब्याला कुऱ्हाड लागली तर काही वर्षांत साल वरून सरकते, जखम बुजते. फांदी तोडली तर दुसरी फुटते. कारण सालीखाली वाढणारा थर असतो. ताडकुळात तो थरच नाही. नारळ, सुपारी, शिंदी, इसुंदू, सगळ्यांचं तसंच. खोडावर झालेली जखम जन्मभर तशीच राहते. बागकाम करणाऱ्याने खिळा ठोकला, तारेने दिवे बांधले, गवत कापायच्या यंत्राने बुंधा खरवडला, तर तो घाव कायमचा. त्यातून बुरशीला वाट मिळते.

दुसरं म्हणजे प्रत्येक खोडाला वाढीचा कोंब एकच. तो शेंड्यावर, पानांच्या गाभ्यात असतो. तो मेला की ते खोड मेलं. बाजूने फांदी फुटणार नाही. मात्र बेट मरत नाही. बुडातून नवीन फुटवे येतात. एकखोडी शिंदीला ही सोय नाही. म्हणून इसुंदू चिवट वाटते, आणि लोक तिच्याशी वाटेल तसं वागतात. मीही वागलो.

बियांपासून रोप

दक्षिण आफ्रिकेत हिला साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये फुलं येतात आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये फळं पिकतात. तिथले ऋतू आपल्या उलटे, हे लक्षात ठेवा. नर वेगळा, मादी वेगळी. एकच बेट लावलं आणि ते नर निघालं, तर फळ कधीच येणार नाही. रोपावरून नर-मादी सांगता येत नाही, फुलं येईपर्यंत थांबावं लागतं. फळं लहान, पिकली की नारिंगी-तपकिरी होतात. खाता येतात, गोडसर असतात, पण गर अगदी पातळ. शिंदोळ्या खाल्लेल्यांना चव सांगायला नको.

बी ताजं घ्यावं. गर पूर्ण काढून टाकावा, नाहीतर बुरशी धरते. एक-दोन दिवस पाण्यात भिजवावं, पाणी रोज बदलावं. मग वाळूमिश्रित मातीत एक-दोन सेंटीमीटर खोल पेरावं. ऊब महत्त्वाची, पंचवीस ते तीस अंश. ओल टिकवायची, पण चिखल करायचा नाही. एक ते तीन महिन्यांत उगवण होते. सगळी बियाणं एकदम उगवत नाहीत, तेव्हा कुंडी लगेच उपटून टाकू नये.

इथे एक गंमत असते आणि नवशिके तिथे चुकतात. बियातून आधी पांढरी दांडी बाहेर येते. आपल्याला वाटतं मूळ आलं. ती दांडी बी मागे ठेवून खाली जमिनीत शिरते, आणि तिच्या टोकाशी खरं मूळ आणि खरा कोंब तयार होतो. पहिलं पान बियापासून थोडं लांब वर येतं. म्हणजे रोप आधी खोल जातं, मग वर येतं. उथळ ट्रेमध्ये पेरलं तर दांडी तळाला आपटून वाकडी होते. म्हणून खोल कुंडी किंवा लांब पिशवी घ्यावी.

पहिली पानं साधी, गवताच्या पात्यासारखी असतात. "खजूर पेरला आणि गवत उगवलं" म्हणून उपटून फेकणारे मी पाहिले आहेत. पिसासारखी पानं यायला वेळ लागतो. सुरुवातीची वाढ मंद असते. झाड तेव्हा खाली मुळं आणि बुड तयार करत असतं. धीर धरावा.

बाजूचं पिल्लू काढूनही रोप करता येतं, पण त्याला स्वतःची मुळं हवीत आणि हंगाम उबदार हवा. तरीही काही पिल्लं दगावतात. मोठं बेट उचलून दुसरीकडे लावायचं असेल तर मुळांचा गोळा जितका मोठा ठेवता येईल तितका ठेवावा, आणि पहिल्या खुणेपेक्षा खोल लावू नये. खोल लावलेला ताड लगेच मरत नाही. वर्ष-दोन वर्षं रडत रडत जातो, आणि मग आपल्याला कारण आठवत नाही.

जागा, पाणी, खत

उन्हाची जागा उत्तम, थोडी सावली चालते. खारा वारा सोसते, म्हणून किनाऱ्यावर लावतात. हलकं दहिवर सोसते, कडाक्याची थंडी नाही. मूळ नदीकाठची असल्यामुळे पाणी आवडतं. रुजल्यावर कोरडे दिवसही काढते, पण तेव्हा वाढ थांबते. पहिली दोन-तीन वर्षं आळ्यात नियमित पाणी हवंच. बुडाभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन करावं, मात्र ते खोडाला टेकवू नये.

जागा निवडताना पंधरा वर्षांनंतरचं बेट डोळ्यांपुढे आणा. वाट, दार, मुलांची खेळायची जागा, गाडीची वळणाची जागा यांपासून निदान तीन-चार मीटर लांब. आज कुंडीत गोजिरवाणं दिसणारं रोप उद्या काट्यांची भिंत होणार आहे.

आता खत. ताडकुळाला नत्रापेक्षा पालाशची भूक जास्त. फ्लोरिडा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तिथल्या वाळूच्या जमिनीतल्या ताडांसाठी सावकाश विरघळणारं ८-२-१२ प्रमाणाचं खत सुचवलं आहे, सोबत ४ टक्के मॅग्नेशियम. आकडा पाठ करू नका, त्यामागचं तत्त्व घ्या. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम भरपूर, स्फुरद कमी. हिरवळीला घालतात ते नत्राचं खत झाडाच्या बुडाशी पडलं, तर पालाशची उणीव उलट वाढते.

उणीव कुठल्या पानावर दिसते ते बघावं. खालच्या, जुन्या पानांवर नारिंगी-पिवळे ठिपके आणि करपलेली टोकं दिसली तर पालाश कमी. जुन्या पानांच्या कडा लिंबासारख्या पिवळ्या आणि मधला भाग हिरवा, तर मॅग्नेशियम कमी. शेंड्याची नवी पानंच आखूड, सुरकुतलेली येत असतील तर मँगेनीजची शंका घ्यावी. चुनखडीच्या जमिनीत हे होतं. जुनं पान म्हणजे झाडाचं कोठार. पालाश कमी पडला की झाड जुन्या पानातला काढून नव्याला देतं. पिवळं पडलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. खत घातल्यावर फरक दिसायला एक-दोन वर्षं लागतात, कारण नवी पानं येऊन जुनी जायला तेवढा काळ जातो.

माझी चूक

हे कोठाराचं गणित मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आम्ही त्या घरात राहायला गेलो जूनमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात. जुलैच्या अखेरीला पुण्याहून बहीण आणि तिची मुलं येणार होती. कोपऱ्यातलं ते बेट मला रानटी वाटायचं. वाळलेल्या झावळ्या लोंबतायत, आत काय असेल कुणास ठाऊक. आठवड्यातून दोन दिवस बागेत काम करायला एक वयस्कर गृहस्थ यायचे. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला 'बाबा' म्हणतात, झुलूतही शब्द हाच. मी बाबांना सांगितलं, "हे सगळं साफ करून टाका. वर फक्त शेंडे ठेवा."

बाबा म्हणाले, "वाळलेलं काढतो. हिरव्याला हात कशाला लावायचा?"

मी म्हटलं, "पाहुणे यायचेत. स्वच्छ दिसू दे."

ते मालकाशी वाद घालणाऱ्यांतले नव्हते. रोजंदारीवर जगणारा माणूस किती वाद घालणार? त्यांनी दोन दिवस खपून नऊ खोडं भादरली. प्रत्येकाच्या डोक्यावर चार-पाच उभी पानं राहिली, केरसुणी उलटी धरावी तशी. मी खूश झालो. हातमोजे मी त्यांना दिलेच नव्हते. बागकामाचे साधे सुती होते, तेही घरात कुठेतरी पडलेले.

त्यात एक काटा त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या सांध्यात गेला. त्यांनी उपटून टाकला आणि काम पुरं केलं. मला सांगितलंही नाही. पुढच्या आठवड्यात बोट सुजलेलं दिसलं. दवाखान्यात गेलो, औषध दिलं, सूज उतरली. पंधरा दिवसांनी पुन्हा आली. एक्स-रे काढला, त्यात काही नाही. पुन्हा औषध, पुन्हा उतार, पुन्हा सूज. असे सहा-सात आठवडे गेले. शेवटी एका डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "खजुरीचा काटा लागला होता का?" मग सोनोग्राफी केली. सांध्यात काट्याचं टोक तुटून राहिलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. छोटी शस्त्रक्रिया करून काढलं. बोट वाचलं, पण पूर्वीसारखं वाकेना. दोन-अडीच महिने बाबांना कुठेच काम करता आलं नाही. तेवढ्या दिवसांची मजुरी आणि दवाखान्याचा खर्च मी दिला. पण पैसे दिले म्हणून बोट वाकत नाही.

म्हणून हे नीट ऐका. खजूरकुळातल्या झाडाचा काटा सांध्यात किंवा सांध्याजवळ गेला, तर तो साधा काटा समजू नये. टोक आत तुटतं. साध्या एक्स-रेमध्ये ते बहुधा दिसत नाही. औषधाने सूज तात्पुरती उतरते, पण तुकडा आत असेपर्यंत पुन्हा पुन्हा येते. डॉक्टरांना आपणहून सांगा, "ताडकुळातल्या झाडाचा काटा लागलाय." शिंदीची झावळी कापणाऱ्यांनाही हे तितकंच लागू आहे. काट्यात काम करताना जाड चामड्याचे कोपरापर्यंतचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. आधी लांब दांड्याच्या कात्रीने झावळीच्या बुडाचे काटे छाटावेत, मग झावळीला हात लावावा. आणि कामाला माणूस लावला असेल तर मोजे आपण द्यायचे. तो मागणार नाही.

झाडाचं काय झालं? पुढच्या वर्षी आलेली पानं लहान आणि पिवळट. नऊपैकी दोन खोडांचे शेंडे वाळले. उरलेल्या खोडांची त्या काळातली वाढ बारीक झाली, पेन्सिलीला टोक काढल्यासारखी. मघाशी म्हटलं ना, खोड नंतर जाड होत नाही. दहा वर्षांनी मी ते घर सोडलं, तेव्हाही तो बारीक भाग तसाच दिसत होता.

मग छाटणी करायची कशी?

बाबांनी सांगितली होती तशी. पूर्ण वाळलेलं पान काढावं, हिरवं ठेवावं. अर्धवट पिवळंही शक्यतो ठेवावं, ते अजून झाडाला देत असतं. ते काढलं की झाड वरच्या पानातून ओढायला लागतं आणि पिवळेपणा एक पायरी वर चढतो. फळांचे घड नको असतील तर तेवढे कापावेत, झाडाला त्याने अपाय नाही.

फुटव्यांचं मात्र आधीच ठरवा. सगळे वाढू दिले तर आत शिरता येणार नाही अशी जाळी होते. पक्ष्यांना, लहान प्राण्यांना ती छान, आवार मोठं असेल तर जरूर ठेवा. आवार लहान असेल तर पाच-सात खोडं निवडावीत, वेगवेगळ्या वयाची, आणि नवे फुटवे कोवळे असतानाच जमिनीलगत कापावेत. वेगवेगळ्या वयाची कशासाठी? म्हणजे म्हातारं खोड गेलं तरी मागचं तयार असतं.

हत्यार स्वच्छ हवं. कॅनरी बेटांवरच्या खजुरीला होणारा फ्युझेरियमचा मर रोग छाटणीच्या करवतीवरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. एका बेटाचं काम झालं की करवत घासून, ब्लीचच्या पाण्यात निदान पाच मिनिटं बुडवून मगच दुसऱ्याला लावावी.

आपल्याकडून गेलेला पाहुणा

कोकणातल्या मंडळींना सोंड्या भुंगा माहीत आहे. नारळाच्या खोडात शिरून आतून पोखरणारा, तांबूस रंगाचा. हा मूळचा दक्षिण आणि आग्नेय आशियातला. १९८०च्या दशकात तो आखाती देशांत पोहोचला, १९९०च्या दशकात स्पेनमध्ये, आणि पुढे भूमध्य समुद्राच्या काठाने पसरला. लाखमोलाच्या खजुरीच्या बागा त्याने बसवल्या. भुंगा एवढा उडत गेला का? नाही. शोभेच्या आणि बागायती झाडांच्या रोपांमधून माणसांनी नेला. आफ्रिकेत त्याचा स्वतःचा भाऊबंद आहेच, गेंड्या भुंगेही आहेत.

ताज्या जखमेच्या वासावर हे भुंगे येतात. म्हणजे हिरवी पानं भादरणं हे त्यांना आमंत्रणच. खोडातून तपकिरी चिकट स्राव, आंबूस वास, चघळलेल्या धाग्यांचा भुसा, मधलं कोवळं पान कलणं, ही लक्षणं दिसली की उशीर करू नये. बेटातलं लागण झालेलं एक खोड वेळीच काढून नष्ट केलं तर बाकीची वाचण्याची आशा असते. आणि ताडकुळातलं रोप एका देशातून दुसऱ्या देशात परवानगीशिवाय नेऊ नये. आवडलं म्हणून सामानात घालून आणलेलं एक पिल्लू केवढ्याला पडेल, सांगता येत नाही.

माणसं आणि माकडं

ही नुसती शोभेची वस्तू नाही. झांझिबार, पेंबा, लामूकडे हिच्या कोवळ्या पानांच्या पट्ट्या रंगवून सुंदर चटया विणतात. ईस्टर्न केपमध्ये हिच्या पानांच्या केरसुण्या बांधून विकतात, आणि त्यावर कित्येक बायकांची चूल चालते. आपण लक्ष्मीपूजनाला जिची पूजा करतो ती केरसुणीसुद्धा परंपरेने शिंदीच्या पानांची. मला पहिल्यांदा तिथल्या बाजारात ती केरसुणी दिसली तेव्हा क्षणभर मी मंडईत असल्यासारखं वाटलं.

मोझांबिकच्या दक्षिणेला आणि लगतच्या झुलू मुलुखात हिची ताडीही काढतात. आपल्याकडे शिंदीला शेंड्याच्या बाजूला खाच देतात, कोंब वाचवतात, आणि तेच झाड वर्षानुवर्षं रस देतं. तिकडे खोडाचा शेंडाच कापून रस घेतात. काही आठवड्यांत ते खोड संपतं आणि बुडातून नवे फुटवे येतात. एकखोडी झाडावर ही पद्धत चाललीच नसती. ज्या झाडाचा जसा स्वभाव, तशी तिथल्या माणसांनी रीत बसवली. मात्र फुटव्यांना वाढायला अवधी मिळाला तरच ती रीत टिकते.

केनियात ताना नदीच्या खालच्या खोऱ्यात मँगाबे जातीचं एक माकड आहे. ते जगात दुसरीकडे कुठेच नाही. त्याच्यासाठी १९७६ साली तिथे अभयारण्य झालं. त्याच्या आहारात या खजुरीचा वाटा मोठा आहे. काठावरच्या पोकोमो लोकांनाही चटयांना आणि घरांना हीच खजुरी लागते. एकाच झाडावर माणूस आणि माकड दोघांचा हक्क. मार्गारेट किनेर्ड यांनी १९९२ साली यावर शोधनिबंध लिहिला, तो याच ओढाताणीबद्दल आहे. कोण बरोबर, कोण चूक असा तो प्रश्न नाही. किती खोडं तोडली आणि किती परत उभी राहिली, हे मोजत राहावं लागतं.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : आपल्याकडे ही लावावी का?

उत्तर : मी तरी लावणार नाही. फ्लोरिडात ही बागांतून बाहेर पडून रानात शिरली आणि आक्रमक परक्या वनस्पतींच्या यादीत गेली. शिवाय खजुराच्या जातींचा आपसात सहज संकर होतो. हिचे परागकण आपल्या शिंदीवर गेले तर पुढच्या बिया कुणाच्या, हे सांगता येणार नाही. आपल्याकडे शिंदी आहे, ती लावा. मात्र कुणाची मुलं डर्बनला, नैरोबीला, दारेसलामला असतील तर त्यांना जरूर सांगा. तिथे ती तिच्या घरी आहे. तिथेही बी जवळच्या रानातल्या झाडाचं घ्यावं. बागेत शेजारी दुसऱ्या जातीची खजुरी असेल तर तिथलं नको.

प्रश्न : कुंडीत चालेल का?

उत्तर : काही वर्षं चालेल. खोल कुंडी, भरपूर ऊन, पाण्याचा निचरा. पण ती नदीकाठी वाढणारी आहे, कायम कुंडीत ठेवू नये. आणि घरात लहान मूल असेल तर काट्यांच्या उंचीचा विचार करा.

प्रश्न : मग आमच्या शिंदीला यातलं काय लागू पडतं?

उत्तर : फुटव्यांचं सोडून जवळजवळ सगळं. उलट शिंदीला जास्त जपायला हवं, कारण तिला दुसरं खोड नाही. शेंडा गेला की झाड गेलं.

प्रश्न : ते बाबा पुढे तुमच्याकडे कामाला राहिले का?

उत्तर : राहिले. सात वर्षं. बेटाचं काम नंतर आम्ही दोघं मिळूनच करायचो. मोजे दोन जोड आणले होते, जाड चामड्याचे. काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे ते सांगायचे. मी झावळ्या ओढून बाजूला करायचो.

वेळ संपली आहे, अध्यक्षांनी खूण केली.